जुनी चर्च इमारत आणि तोकडा निधी: पुढच्या वीस वर्षांचं नियोजन कसं करावं

मंडळीच्या इमारत समितीवर तुमची नुकतीच निवड झाली असेल, तर पहिल्या बैठकीत काय होईल ते जवळपास ठरलेलं आहे. कुणीतरी वेदीच्या वरच्या गळतीचा विषय काढेल. कुणी म्हणेल, मागच्या वेळी डांबर लावलं होतं, तेच पुन्हा लावू. खजिनदार शिल्लक वाचून दाखवतील आणि खोली गप्प होईल. शेवटी एका ओळखीच्या ठेकेदाराला बोलवायचं ठरेल आणि प्रार्थना होऊन सगळे घरी जातील. अशा बैठका वर्षानुवर्षं होत राहिल्या की कधीतरी छपराच्या कैच्याच, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडेच, बदलायची वेळ येते, आणि तेवढा पैसा कुणाकडेच नसतो.

हे टाळायला जी योजना लागते ती म्हणजे एक तक्ता. कोणत्या वर्षी इमारतीचा कोणता भाग निकामी होईल, तो बदलायला किती लागेल आणि त्या वर्षी तो पैसा कुठून येईल, एवढंच त्यात असतं. नव्या सभागृहाचं रंगीत चित्र काढायचं असेल तर ते या तक्त्यानंतर. बहुतेकदा तक्ता पाहिल्यावर ते चित्र काढायची घाई राहत नाही.

पायरी १: कागद आणि अधिकार

इमारतीला हात लावण्याआधी ती कुणाच्या नावावर आहे ते पाहा. जमीन एका संस्थेची, वर उभी असलेली इमारत दुसरीची आणि पाळकांचं घर तिसऱ्याच कुणाच्या तरी नावावर, असं जुन्या मंडळ्यांत आढळतं. मालकीची कागदपत्रं, जुने नकाशे, विम्याची पॉलिसी, मागच्या दुरुस्त्यांची बिलं, दानपत्रं, सगळं एका फाइलमध्ये आणा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. वास्तू वारसायादीत असेल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलांना सहसा आधी परवानगी लागते. त्या परवानगीला लागणारा वेळही योजनेत धरायचा असतो.

मग निर्णय कुणाचा, ते विचारा. कॅथॉलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ५३७ नुसार प्रत्येक पॅरिशला, म्हणजे स्थानिक मंडळीला, आर्थिक समिती असावीच लागते. कलम १२८४ मालमत्ता सांभाळणाऱ्यांकडून एखाद्या चांगल्या कुटुंबप्रमुखासारखी काळजी अपेक्षिते. इतर परंपरांत हा अधिकार विश्वस्तांकडे, सिनॉडकडे (चर्चच्या वरिष्ठ सभेकडे), प्रेस्बिटरीकडे (एका भागातल्या मंडळ्यांच्या संयुक्त सभेकडे) किंवा थेट सभासदांच्या सभेकडे असतो. तुमची समिती किती रकमेपर्यंत स्वतः खर्च करू शकते, हे लेखी मागून घ्या. तोंडी समजुतीवर चाललेल्या कामांतून मंडळीत जितकी भांडणं झाली आहेत, तितकी शिकवणुकीवरून झाली नसतील.

आणखी एक ‘कागद’ माणसाच्या रूपात असतो. वर्षानुवर्षं चर्चच्या चाव्या सांभाळणारा, घंटा वाजवणारा, दिवे लावणारा एखादा सेवेकरी असेलच. गाडलेला पाइप कुठून जातो, कोणत्या भिंतीला मागे एक दरवाजा होता, कोणत्या कोपऱ्यात वाळवी निघाली होती, हे त्याला ठाऊक असतं. त्याच्याबरोबर एक संपूर्ण फेरी मारा आणि तो सांगेल ते नकाशावरच लिहून घ्या.

पायरी २: इमारत स्वतः पाहा, पाण्यापासून सुरुवात करून

तज्ज्ञाला बोलावण्याआधी समितीने स्वतः इमारत पाहिली पाहिजे. कारण तज्ज्ञ एक-दोन दिवसांसाठी येतो, तुम्ही दर आठवड्याला तिथे असता.

भर पावसात छत्री घेऊन बाहेरून एक फेरी मारा. वर्षातली सगळ्यात उपयोगी तपासणी हीच. पन्हळ कुठे भरून वाहते, पावसाळी पाइपचं पाणी नालीत जातं की जोत्यालगत मुरतं, मनोरा आणि छप्पर जिथे मिळतात त्या खाचेतून पाणी आत जातं का, हे कोरड्या दिवशी कितीही डोळे ताणले तरी दिसत नाही. जुन्या दगड-विटांच्या इमारतींचं आयुष्य बव्हंशी पाण्याच्या वाटेवर ठरतं. पन्हळीत साचलेला पालापाचोळा काढायला एक शिडी, दोन माणसं आणि एक सकाळ लागते. तो काढला नाही तर पाणी भिंतीत उतरतं, वाशांची टोकं ओली राहतात, लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते आणि काही वर्षांनी वाशाचं टोक भिंतीतच कुजलेलं सापडतं. माझ्या मते ज्या समितीकडे पन्हळ साफ करण्याचं वेळापत्रक नाही, तिने वीस वर्षांच्या योजनेच्या गप्पा मारू नयेत.

भिंतींना खाली लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी खारट पूड आणि सुटलेले पोपडे दिसत असतील, तर लगेच रंग द्यायला धावू नका. आधी बाहेरची जमीन पाहा. वर्षानुवर्षं भर पडून किंवा फरशी बसवून ती आतल्या जमिनीपेक्षा उंच झालेली असते आणि सगळा ओलावा भिंतीत चढत असतो. ती खाली घेतली, पाण्याला उतार दिला, तर बऱ्याच भिंती आपणहून सुकतात. त्याला एक-दोन ऋतू लागतात, तेवढा धीर धरावा लागतो.

इथेच सिमेंटचा प्रश्न येतो, आणि यावर जरा थांबायला हवं. जुन्या इमारती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना मऊ असतो, भिंतीतला ओलावा त्यातून बाहेर पडतो आणि इमारत थोडी हलली तरी तो सोसून घेतो. त्यावर कडक सिमेंटचा गिलावा चढवला किंवा दगडांच्या दरजा सिमेंटने भरल्या की ओलावा अडतो. मग तो दगडाच्या किंवा विटेच्या अंगातून वाट काढतो आणि दगडाचा दर्शनी पापुद्राच झडू लागतो. सिमेंट जागेवर धडधाकट आणि मधला दगड खोल झिजलेला, असं दृश्य दिसलं तर कारण हेच. उलट टोकाची चूकही होते. गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकेचा बाहेरचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्याला काढून टाकण्यात आला. आत दडलेला जांभा उघडा पडला, लोकांना ते तांबूस रूप आवडलं आणि तीच तिची ओळख बनली. पण जांभा पावसात झिजतो, आणि गिलावा परत चढवावा की नाही हा वाद तेव्हापासून संपलेला नाही. तेव्हा ‘दगड उघडा केला की छान दिसेल’ असं कुणी सुचवलं, तर तो गिलावा तिथे कशासाठी होता हे आधी विचारा.

भेगांना घाबरायचं नसतं, पण त्या मोजायच्या असतात. एक मिलिमीटरच्या आतली भेग बहुधा गिलाव्यापुरती असते. पाच ते पंधरा मिलिमीटर म्हणजे अभियंत्याला दाखवायलाच हवी. त्याहून रुंद असेल तर तो भाग तूर्त वापरायचा का, हे आधी ठरवा. रुंदीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे ती वाढते आहे का. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करा, तारीख लिहा, दर तीन महिन्यांनी अंतर मोजा. वर्षभराच्या नोंदी हातात असल्या की अभियंत्याचे निम्मे प्रश्न सुटतात, आणि भेग स्थिर निघाली तर मोठा खर्चही वाचतो.

बाकीची फेरी तुलनेने सोपी. काँक्रीटच्या जोडइमारतींत, म्हणजे सभागृह, वर्गखोल्या, पाळकांचं घर यांत, स्लॅबच्या खालच्या बाजूचे फुगवटे आणि तपकिरी डाग पाहा. गंजलेल्या सळईला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून ती काँक्रीट फोडून बाहेर येते. नुसतं प्लास्टर थापून हे झाकलं, तर तेच प्लास्टर पुढे बाकावर पडतं. विजेचं मुख्य पॅनेल उघडून पाहायला परवानाधारक वायरमन बोलवा. पंखे, स्पीकर, प्रोजेक्टर वाढत गेलेले असतात आणि वायरिंग मात्र जुन्या बल्बांच्या हिशोबाचं असतं. मनोऱ्यावरचा वीजरोधक आणि त्याचं अर्थिंग तपासून घ्या. यॉर्क मिन्स्टर या प्रसिद्ध चर्चच्या दक्षिण भागाचं छप्पर १९८४ साली जळालं, ते बहुधा वीज पडूनच. घंटेची चिंता सहसा नको. घंटा टिकते, तिला धरणारी लाकडी चौकट आणि बेअरिंग थकतात.

पायरी ३: तज्ज्ञाची तपासणी

इंग्लंडच्या चर्चने १९५५ साली एक नियम केला: प्रत्येक पॅरिश चर्चची दर पाच वर्षांनी पात्र वास्तुविशारद किंवा सर्वेक्षकाकडून तपासणी व्हावी. तुमची मंडळी कोणत्याही परंपरेतली असो, हा नियम उसना घ्यावा इतका चांगला आहे. पाच वर्षांत बिघाड दिसण्याइतका वाढतो आणि बहुधा हाताबाहेर गेलेला नसतो.

तज्ज्ञ निवडताना एकच पथ्य: जो काम करणार आहे, त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नका. ठेकेदाराची फुकट पाहणी शेवटी त्याच्याच अंदाजपत्रकात वसूल होते. ज्याने चुन्यातल्या जुन्या बांधकामावर काम केलं आहे असा माणूस शोधा आणि त्याला फी द्या. अहवालात त्याने चार गोष्टी लिहून द्यायला सांगा. प्रत्येक भागाची आजची अवस्था, उरलेलं अंदाजे आयुष्य, बदलण्याचा आजच्या दराने खर्च आणि काम पुढे ढकललं तर काय होईल. चौथी गोष्ट बहुतेक अहवालांत नसते. ती आग्रहाने मागा, कारण पैसे कमी असताना निर्णय तिच्यावरच होतो.

पायरी ४: तक्ता मांडा

आता हिशोब. चलन कोणतंही असो, आकडे हजारांत धरा वा लाखांत, रीत तीच. समजा अहवालातून पाच मोठ्या बाबी निघाल्या. छप्पर बदलायला २४० लागतील आणि त्याचं आयुष्य १२ वर्षं उरलं आहे. वायरिंगला ६०, वर्षं ४. बाहेरचा गिलावा आणि रंग ३०, वर्षं ३. सांडपाणी आणि स्वच्छतागृहं २५, वर्षं ५. रंगीत काचांच्या खिडक्या ४५, वर्षं १५.

प्रत्येक खर्चाला उरलेल्या वर्षांनी भागा. छपरासाठी दरवर्षी २०, वायरिंगसाठी १५, गिलाव्यासाठी १०, सांडपाण्यासाठी ५, खिडक्यांसाठी ३. एकूण दरसाल ५३. मंडळीची इमारत उभी राहावी म्हणून दरवर्षी बाजूला पडायला हवी अशी रक्कम ही. तुमची बचत वर्षाला २० असेल, तर ३३ ची तूट आहे. ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, पण इमारतीत साचत असते.

पुढे वर्षवार मांडून पाहा. दरसाल २० टाकले तर तिसऱ्या वर्षाअखेर ६० जमतील, त्यातले ३० गिलाव्याला जातील. चौथ्या वर्षी हातात ५० आणि वायरिंगला ६०. म्हणजे चौथ्याच वर्षी १० कमी पडतात. पाचव्या वर्षी सांडपाण्याचं काम धरून तूट १५ वर जाते, आणि छपरासाठी अजून एक पैसाही साठलेला नाही. बैठकीत हा कागद फिरवला की खोलीतली चर्चा बदलते. ‘डांबर लावू’ म्हणणारेही आकड्यांकडे पाहू लागतात.

महागाई विसरू नका. बांधकामाचे दर वर्षाला ७ टक्के वाढले, तर आजचे २४० बारा वर्षांनी ५४० च्या घरात जातात. ठेवीवर व्याज मिळेल, पण ते बहुधा दरवाढीच्या मागेच राहतं. म्हणून दर वर्षी तक्त्यातले खर्च नव्या दराने लिहायचे आणि वार्षिक रक्कम पुन्हा काढायची. शिवाय रंग एकदा दिला की संपला असं नसतं, पाच-दहा वर्षांनी तो पुन्हा येतो. वीस वर्षांच्या तक्त्यात अशा बाबी दोन-तीनदा लिहिल्या गेल्या पाहिजेत.

हे तपशील जमेपर्यंत ढोबळ अंदाज हवा असेल, तर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० साली सार्वजनिक इमारतींसाठी सुचवलेलं प्रमाण घ्या: नव्याने बांधायला जितका खर्च येईल, त्याच्या २ ते ४ टक्के दरसाल देखभाल-दुरुस्तीवर. जुन्या चर्चला हा आकडा पाहून धडकी भरेल. भरू द्या. आणखी एक मोजमाप उपयोगी पडतं. रखडलेल्या दुरुस्त्यांची बेरीज करा आणि नव्या बांधकामाच्या खर्चाशी तिचं प्रमाण काढा. ५ टक्क्यांच्या आत असेल तर इमारत चांगली, १० च्या वर गेलं तर वाईट अवस्थेत, असं इमारत-व्यवस्थापनात मानतात.

पायरी ५: आधी काय

पैसे सगळ्याला पुरणार नाहीत, म्हणून क्रम लागतो. माणसाच्या जिवाला धोका असेल ते आधी: सुटलेलं कौल, उघडी वायर, डुगडुगता कठडा, एकच दार असलेलं गर्दीचं सभागृह. त्यानंतर पाणी अडवणारी कामं. मग इमारत वापरण्याजोगी ठेवणारी, आणि सगळ्यात शेवटी सजावट. या क्रमाशी बैठकीत कुणीच भांडत नाही. भांडण होतं ते एखादा दाता वेदीसाठी संगमरवर द्यायला तयार असतो आणि छपरासाठी नसतो तेव्हा.

म्हणून दान स्वीकारण्याचं धोरण आधीच, कुणाचंही नाव समोर नसताना, ठरवून घ्या. वस्तूच्या दानाबरोबर तिच्या देखभालीचा खर्च कोण करणार हे त्यात हवं. वातानुकूलन यंत्रणा फुकट मिळते, तिचं वीजबिल मिळत नाही. नकार देणं अवघड वाटत असेल तर धोरणाचा कागद पुढे करता येतो, ही त्यातली सोय.

इंग्रज लेखक-कलावंत विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी संस्था काढली, तेव्हाच्या जाहीरनाम्याचा सूर असा होता की भव्य जीर्णोद्धारापेक्षा रोजची काळजी घ्या, गळकं छप्पर दुरुस्त करा, कलत्या भिंतीला टेकू द्या. कमी पैशांच्या मंडळीला यापेक्षा चांगला क्रम क्वचितच कुणी सांगेल.

पायरी ६: पैसा

आधी गेल्या पाच वर्षांची आवक वेगवेगळ्या रकान्यांत लिहा: रविवारचं दानार्पण, दशमांश, सणांचं विशेष दान, सभागृहाचं भाडं, व्याज, मृत्युपत्राने आलेल्या रकमा. शेवटची बाब नियमित उत्पन्नात कधीही धरू नका. दर वर्षी दान देणाऱ्या कुटुंबांची संख्याही लिहा. एकूण रक्कम स्थिर दिसत असते आणि देणारी कुटुंबं मात्र कमी होत असतात, म्हणजे थोड्या वयस्कर सभासदांवर सगळा भार आलेला असतो. हे आज दिसलं तर दहा वर्षांचा अंदाज बरोबर येईल.

विशिष्ट हेतूसाठी दिलेला पैसा त्याच हेतूसाठी. शाळेसाठी आलेल्या निधीतून छप्पर दुरुस्त केलं, तर काम कितीही निकडीचं असलं तरी विश्वास जातो, आणि बऱ्याच ठिकाणी कायदाही मोडतो. अशा निधीचं वेगळं खातं ठेवा आणि शिल्लक वाचून दाखवताना वेगळीच वाचा. इमारत निधीत दरसाल जाणारी रक्कम अंदाजपत्रकात पहिल्या ओळींत, पगारांच्या शेजारी लिहा. ‘वर्षअखेर उरलं तर टाकू’ असं ठेवलं तर उरत नाही.

कर्जाबद्दल माझं मत कडक आहे. हप्ता आजच्या नियमित उत्पन्नातून भरता येत असेल तरच घ्यावं. ‘नवं सभागृह झालं की सभासद वाढतील आणि त्यांच्या दानातून फेडू’ हे गणित कागदावर सुटतं, व्यवहारात फार क्वचित. गळतं छप्पर थांबवायला घेतलेलं छोटं कर्ज मात्र कधी कधी शहाणपणाचं ठरतं, कारण वाट पाहण्याचा खर्च व्याजापेक्षा जास्त असतो. तज्ज्ञाच्या अहवालातली ती चौथी गोष्ट इथे कामाला येते.

विशेष निधी मोहीम काढायची असेल तर एका कामासाठी, एका रकमेसाठी आणि मुदत घालून काढा. ‘इमारतीसाठी मदत करा’ याला लोक थोडं देतात. ‘उत्तरेकडच्या सहा कैच्या बदलायच्या आहेत, एका कैचीला इतके लागतात’ याला जास्त. मोहीम जाहीर करण्याआधी समितीच्या सभासदांनी स्वतःचं वचन लिहून दिलेलं असावं. लोक ते पाहतात.

भाड्याचं उत्पन्न मिळत असेल तर उत्तम, पण साफसफाई, वीज, झीज, विमा आणि चाव्या देणाऱ्या माणसाचा वेळ वजा करून बघा. काही सभागृहं भाड्याने देऊन मंडळी दर महिन्याला थोडा तोटा खात असते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

विमा बाजारभावावर नको, पुनर्बांधणीच्या खर्चावर हवा. जुन्या कामाचे दगडकाम, लाकूडकाम परत करायला फार लागतं. इमारतीची किंमत निम्मीच दाखवलेली असेल, तर अनेक पॉलिसींत छोट्या नुकसानीचीही निम्मीच भरपाई मिळते. पॉलिसीतलं ते कलम दलालाकडून समजावून घ्या.

पायरी ७: एवढी इमारत हवी आहे का

ही पायरी सगळे टाळतात. एका महिन्यासाठी दर दालनाच्या दारावर एक कागद लावा आणि कुणी, किती वेळ वापरलं ते लिहायला सांगा. मोठ्या मंडळीसाठी बांधलेल्या परिसरात आज किती जागा आठवड्यातून एखादाच तास उघडते, हे आकड्यांनी समोर येतं. मग प्रत्येक दालनावर होणारा खर्च त्याच कागदावर लिहा.

पर्याय फार नसतात. सगळं ठेवायचं आणि तक्त्यातली दरसाल ५३ ची रक्कम उभी करायची. काही भाग बंद करून पाणी, वीज, हवा यांची किमान काळजी घेत ‘झाकून’ ठेवायचा. दुसऱ्या मंडळीबरोबर जागा वाटून घ्यायची, ज्यात वेळा, वेदीची मांडणी, स्वयंपाकघर आणि खर्चाचा वाटा लेखी हवा. एखादी जोडइमारत दीर्घ भाड्याने द्यायची किंवा विकायची. किंवा चर्चच बंद करायचं. स्कॉटलंडच्या चर्चने अलीकडे प्रत्येक प्रेस्बिटरीला कोणत्या इमारती ठेवायच्या आणि कोणत्या सोडायच्या याची यादी करायला लावली. ते दुःखद होतं, पण यादी नसती तरी इमारती कोसळल्याच असत्या. कॅथॉलिक संहितेचं कलम १२२२ सांगतं की चर्च उपासनेसाठी वापरता येत नसेल आणि दुरुस्त करणं शक्य नसेल, तर बिशप तिला ऐहिक पण अशोभनीय नसलेल्या वापराला सोपवू शकतात. इतर गंभीर कारणं असतील तर त्यांना आधी धर्मगुरूंच्या मंडळाचं मत घ्यावं लागतं.

विक्रीचा पैसा आला तर तो कशासाठी, हे विक्रीआधी ठरवा. दैनंदिन खर्चात तो विरघळला तर मंडळीकडे इमारतही राहत नाही आणि निधीही. आवारात दफनभूमी असेल तर हा सगळा विचार वेगळा होतो. तिथे पुरलेल्यांच्या कुटुंबांशी बोलल्याशिवाय एकही कागद पुढे सरकवू नका.

पायरी ८: मंडळीला सांगा

तक्ता एका पानावर आणा आणि उपासनेनंतर दाखवा, शक्यतो छतावरच्या आणि पोटमाळ्यातल्या फोटोंसह. कुजलेल्या वाशाचा एक फोटो अहवालाच्या चाळीस पानांपेक्षा जास्त बोलतो. वर्षाला किती हवेत, किती येतात, पहिलं काम कोणतं आणि कोणतं काम आपण मुद्दाम पुढे ढकलतो आहोत, हे स्पष्ट सांगा. लोक नाराज होतात ते अंधारात ठेवल्यामुळे. वाईट आकडा सांगितल्याने मंडळी पळून जाते ही भीती बहुधा समितीचीच असते. विरोध करणाऱ्या ज्येष्ठांना सभेआधी घरी जाऊन भेटा. त्यांच्या आईवडिलांनी त्या भिंती उभारलेल्या असतात.

पायरी ९: काम करून घेताना

तीन अंदाजपत्रकं मागवा, पण तिघांना एकच लेखी कामयादी देऊन, नाहीतर तुलना होत नाही. सगळ्यात स्वस्त अंदाजपत्रकात काय वगळलं आहे ते शोधा. पैसे मोजमापाप्रमाणे टप्प्याटप्प्याने द्या आणि थोडी रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा. वेल्डिंग, कटर, उघडी ज्योत वापरणारी कामं होत असतील तर लेखी परवानगी, जवळ अग्निशामक आणि काम संपल्यावर किमान तासभर पहारा हवा. पॅरिसच्या नोत्र-दामला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा तिथे दुरुस्तीसाठी परांची उभ्या होत्या. आगीचं नेमकं कारण सिद्ध झालं नाही. पण जुन्या लाकडी छपराला दुरुस्तीच्या काळातच जास्त जपावं लागतं, हे विमा कंपन्या आणि अग्निशमन दलं केव्हापासून सांगत आली आहेत.

काम संपल्यावर कोणता चुना, कोणतं मिश्रण, कुठली वायर, कुणी बसवली, हमी किती, हे फाइलमध्ये जायला हवं. झाकण्याआधीचे फोटोही.

पायरी १०: दर वर्षी एक संध्याकाळ

वर्षातून एकदा, अंदाजपत्रक बनण्याच्या दोन महिने आधी, समितीने तक्ता उघडून बसावं. झालेली कामं खोडा, दर नवे करा, भेगांच्या नोंदी पाहा, एक वर्ष पुढे जोडा म्हणजे तक्ता नेहमी वीस वर्षांचाच राहील. पन्हळ कधी साफ झाली, वायरमन कधी आला, अग्निशामकाची तारीख कधी संपते, हे त्याच फाइलच्या पहिल्या पानावर ठेवा. समितीतले लोक बदलतात, म्हणून किमान एका तरुण सभासदाला सुरुवातीपासून बरोबर घ्या आणि फाइलची दुसरी प्रत चर्चच्या आवाराबाहेर, वरिष्ठ कार्यालयात किंवा दुसऱ्या विश्वस्ताच्या घरी, ठेवून द्या. आग लागली तर पहिली प्रत जळणाऱ्या वस्तूंतच असेल.